कॉलनीतली समाधी

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज ह्यांचं पित्र. आणि आजच त्या माणसाला तोंड उघडायचं सुचलं!

समाधीपाशी पान ठेवलं होतं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. कावळ्याची वाट बघत उभी होते. कावळा नाही आला, चिंतामणराव आले. कॉलनीचे चेअरमन. अंगात ट्रॅकसूट, कानात मोबाईलची बोंडं, हातात कुत्र्याची दोरी. बँकेतून रिटायर झालेत, पण अजून काउंटरच्या आतून बोलल्यासारखे बोलतात. म्हणाले, "मैनाकाकू, ह्याचं काहीतरी करायला लागेल हो. इथून जॉगिंग ट्रॅक जाणार आहे."

ह्याचं! म्हणजे माझ्या नवऱ्याचं.

मी म्हटलं, आधी ते कुत्रं आवरा, पानाला तोंड लावतंय.

ह्याच कोपऱ्यात ह्यांना अग्नी दिला. त्यांनीच सांगून ठेवलं होतं — मला अमरधामात नेऊ नका, मळ्यात ठेवा. आमच्यात रीतच आहे तशी. ज्यानं जमीन कसली, त्यानं तिच्यातच राहायचं. अस्थी रामकुंडात गेल्या, राख इथं राहिली. वर दगडाचा कट्टा बांधला, तुळस लावली. तेव्हा चहूबाजूंनी द्राक्षबाग होती.

मग सार्थकनं मळा बिल्डरला दिला. पोटचा पोरगा, काय बोलणार? बिल्डरनं प्लॉट पाडले, बंगले उठवले, त्यातला एक आम्हाला दिला. आणि हा कोपरा नकाशात 'ओपन स्पेस' झाला. माणूस झोपलाय खाली आणि म्हणे ओपन! बिल्डर हातातलं कडं फिरवत म्हणाला होता, "काकू, समाधीला कुणी बोट लावणार नाही, खंडेरावअण्णा आमचे पण अण्णाच." आता फोन केला की वाजत राहतो नुसता.

शनिवार, १३ सप्टेंबर

कावळा शेवटपर्यंत आलाच नाही. कॉलनीवाल्यांनी झाडं ठेवलीत कुठं, कावळे यायला? पान गाईला घातलं. गाय पण मखमलाबाद गावात जाऊन शोधावी लागली.

रविवार, १४ सप्टेंबर

आज कॉलनीची मीटिंग. गोल्डन व्हॅली कॉलनी! व्हॅली म्हणजे दरी, हर्षालीनं सांगितलं. सून माझी, शाळेत इंग्रजी शिकवते. इथं दरी कुठाय? इतकी सपाट जमीन, की बागेला पाणी वळवताना ह्यांना घाम फुटायचा. आणि गोल्डन म्हणजे काय, ते ज्यानं विकली त्याला माहीत.

मला बोलावलं नव्हतं. घरटी एक माणूस, आणि आमच्या घरचा माणूस म्हणे सार्थक. परत आला तर ओठाला खारीचा चुरा. काय झालं विचारलं. तर एकजण म्हणाला पोरं घाबरतात. एक म्हणाली संध्याकाळी तिथून जाताना अंगावर काटा येतो. पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करणारा तो मयुरेश म्हणाला, निगेटिव्ह एनर्जी आहे. आणि चिंतामणराव म्हणाले, कुंभमेळा जवळ आलाय, प्लॉटला चांगले दिवस आहेत, अशा वेळी कॉलनीत मसणवटा शोभत नाही.

"आणि तू काय बोललास?"

"आई, मी एकटा काय बोलणार?"

एकटा! बापाची राख आहे तिथं, आणि ह्याला सोबत पाहिजे. जेवले नाही संध्याकाळी. सार्थकनं दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.

कमिटीचं ठरलंय म्हणे — दसऱ्यानंतर कट्टा 'सन्मानपूर्वक' हलवायचा. भटजी बोलावून. कुठं हलवायचा, ते नाही ठरलेलं. राख काय कुंडीतली माती आहे, उचलली आणि दुसरीकडे ओतली?

मंगळवार, १६ सप्टेंबर

हर्षाली वह्या तपासत होती. तिला विचारलं, कॉलनीचा खरा अर्थ काय गं? लहानपणापासून ऐकते, पोलीस कॉलनी, रेल्वे कॉलनी. तिनं मोबाईलमध्ये बघून एकेक वाचून दाखवला.

दुसऱ्या मुलखातून येऊन जमिनीवर वसलेली माणसं. त्यांनी बळकावलेला मुलूख — इंग्रजांनी आपला केला होता तसा. मुंग्यांचं वारूळ, मधमाश्यांचं मोहोळ. एकाच रोगाच्या माणसांना गावाबाहेर ठेवायची जागा. आणि मूळ शब्द म्हणे लॅटिन, त्याचा अर्थ शेतकरी.

शेतकरी! पदर तोंडाला लावून हसले. ह्या सगळ्या बंगल्यांत कुणाला कांद्याचं रोप आणि लसणाची पात वेगळी ओळखता येईल का? चिंतामणरावांच्या संपदाबाईंनी कुंडीत कोथिंबीर लावली. अख्खे धणे पेरले! धणे रगडून पेरायचे असतात, एवढं आमच्या शेंबड्या पोराला कळायचं. रोज पाणी घालून घालून शेवटी मला विचारते, "काकू, बी खराब होतं का हो?" बी नाही बाई खराब.

मुंग्यांचा अर्थ तर मुळीच लागू नाही. मुंग्या मेलेल्या मुंगीला उचलून नेतात, मी डोळ्यांनी बघितलंय. ह्या लोकांना मेलेला माणूस नजरेआड पाहिजे. रोगाचा अर्थ मात्र पटला मला. हर्षाली म्हणाली, "आई, असं बोलू नका, कुणी ऐकेल." ऐकू दे की!

पहिला अर्थ सगळ्यांत खरा. कुठून कुठून आले आणि वसले. कुणी धुळ्याहून, कुणी डोंबिवलीहून. आयत्या बिळावर नागोबा! आणि आता बिळाच्या मालकालाच म्हणतात, जरा सरका. आम्ही वसलो नाही. आम्ही इथलेच.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

चिंतामणराव नवराबायको आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. पेढे बघूनच ओळखलं, काहीतरी गिळायला लावणार.

"काकू, आम्ही मधला मार्ग काढलाय. कट्टा राहू द्या. त्याच्यावर आपण दत्ताची छान मूर्ती बसवू. मार्बलची. देऊळ म्हटलं की कुणी घाबरत नाही. उलट कॉलनीला शोभा."

"आणि खाली आहेत त्यांचं काय?"

"ते राहतीलच की खाली. नावाची पाटी तेवढी नको."

देव चालतो, शेतकरी नाही चालत! आणि देव तरी कुणाच्या डोक्यावर बसवायला निघालेत? आमचे हे जन्मात देवळाची पायरी चढले नाहीत. एकदा हट्टानं सप्तशृंगीला नेलं, तर वणीतच रसवंतीत बसून राहिले, म्हणाले तू जाऊन ये, देवीला माझा रामराम सांग. तोंडात कायम तंबाखू, बोलण्यात कायम शिवी. बैलाला शिवी, तलाठ्याला शिवी, मला सुद्धा. अशा माणसाच्या छातीवर दत्त महाराज! महाराजांचे पण हालच की.

पेढे परत दिले. संपदाबाईंचं तोंड एवढंसं झालं. चिंतामणराव उठता उठता म्हणाले, "काकू, कायद्यानं ओपन स्पेस सर्वांची असते." मी म्हटलं, सर्वांची आहे ना, मग ह्यांची पण आहे.

ते गेल्यावर रडले. रागानं रडले, दुसरं काही नाही. ह्यांना जाऊन सात वर्षं झाली, भांडायला आजही तेच पाहिजेत. तो माणूस असता तर चेअरमनला कुत्र्यासकट गेटाबाहेर घातला असता.

रविवार, २१ सप्टेंबर. सर्वपित्री अमावस्या

आज मजा केली! लिहिते सगळं.

सकाळी समाधीवर नारळ फोडला, दिवा लावला. वळून बघते तर संपदाबाई लांब बाकावर, हातात चहाचा कप. पेपर वाचत असल्यासारखं दाखवत होत्या. मग हळूच जवळ आल्या. "काकू, राग नका मानू. पण तिथं काही... जाणवतं का हो?"

एम. कॉम. आहे ही बाई. दिवाणखान्यात मेडल लावलंय.

मी चेहरा पाडला. पदर सारखा केला. म्हटलं, "आता तुम्ही विचारलंच म्हणून सांगते. बिल्डरच्या मुकादमानं हा कट्टा काढायला टिकाव मारला होता. एकच. त्याच आठवड्यात त्याचा उजवा हात असा फिरला." हात वाकडा करून दाखवला. "दवाखाने झाले, देवर्षी झाले, हात काही सरळ होईना. शेवटी इथं येऊन नाक घासलं, तेव्हा कुठं बोटं हलायला लागली. आमचे मालक स्वभावानं चांगले हो, पण तापट. जिवंतपणी आवरायला मी होते."

संपदाबाईंचा चहाचा कप हातातच गार झाला.

सगळं खोटं! मुकादमानं टिकाव कधी उचललाच नाही. लासलगावला सासुरवाडीजवळ घर बांधून मजेत आहे, दोन्ही हातांनी जेवतो. पण हर्षाली म्हणते तसं, शिकली-सवरलेली माणसं ही! शिकलं ते पोटाच्या वर गेलंच नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

समाधीवर कुणीतरी मोगऱ्याचा गजरा ठेवून गेलंय. मी नाही. हर्षाली नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

संपदाबाई आरतीच्या ताटात तेलाची बाटली लपवून समाधीकडे नेत होत्या. माझ्याकडे बघितलंच नाही. कुत्रं पण आता दुसऱ्या बाजूनं फिरवतात! मयुरेशनं गाडी लावायची जागा बदलली. निगेटिव्ह एनर्जी!

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

जिंकले!

कमिटीनं काल ठराव फिरवला. सार्थकनं पेढा आणून हातावर ठेवला, जसं काही हाच लढला. ट्रॅक समाधीला वळसा घालून जाणार. कट्टा आहे तिथंच, आहे तसाच. भोवती लोखंडी रेलिंग, आत पेव्हर ब्लॉक, आणि ह्यांच्या नावाची पाटी सुद्धा. चिंतामणराव सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, "खंडेराव म्हणजे आपल्या कॉलनीचे मूळ पुरुष." मूळ पुरुष! परवापर्यंत मसणवटा होते.

संध्याकाळी सोनं द्यायला सगळी कॉलनी ओपन स्पेसमध्ये जमली. चिंतामणरावांनी आपट्याचं पान आधी समाधीवर ठेवलं, हात जोडले, पुटपुटले काहीतरी. उजवा हात खिशात घालून उभे राहिले नंतर. मला हसू आवरेना. किती घाबरट जात ही! ज्याला आदर म्हणून काही दिलं नाही, त्याला भीतीनं सगळं दिलं.

पण बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लय बरं वाटलं. ह्यांची जागा ह्यांना राहिली. आता मी मेले तरी चालेल, शेजारी तेवढी जागा आहे. सार्थकला सांगून ठेवलं. तो म्हणाला, "आई, सणासुदीला काय बोलतेस!" ह्याला मरण फक्त इतर दिवशी चालतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

रेलिंगचे खड्डे घ्यायला मजूर आले. हरसूलकडची माणसं. मी खुर्ची टाकून बसले, पोरांनी कट्ट्याला धक्का लावू नये म्हणून.

गावाकडच्या अंगाचा खड्डा घेताना पहार खणकन वाजली. दगड. आजूबाजूची माती काढली तर चांगला हातभर उभा दगड, कट्ट्याच्या खाली गेलेला. पुसला तर वर चंद्र-सूर्य कोरलेले. खाली घोड्यावर बसलेला माणूस, हातात काहीतरी, तलवार असेल. खाचांत जुना शेंदूर, वाळून काळा पडलेला.

मजुरांची पहार थांबली. एकानं चपला काढल्या. त्यांचा मुकादम ओरडला तेव्हा कुठं हलले, पण त्या खड्ड्यात पुन्हा कुणी उतरेना.

चिंतामणरावांना आनंदाचं भरतं! "हेरिटेज, काकू, हेरिटेज! आपली कॉलनी ऐतिहासिक निघाली!" फोटो काढले, ग्रुपवर टाकले, बायकांनी दगडाशेजारी उभं राहून सेल्फी घेतल्या. ज्या दगडाचं नाव-गाव माहीत नाही तो ऐतिहासिक, आणि ज्यानं तीस वर्षं ही जमीन कसली त्याच्यासाठी मला मुकादमाचा हात वाकडा करावा लागला.

कुणाचा तरी वीर असेल, गेलेल्या पूर्वजाच्या नावानं पुरलेला दगड. सासरे म्हणायचे, ह्या कोपऱ्यात नांगर घालायचा नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. कोपरा पडीक होता म्हणून तर ह्यांना तिथं ठेवलं. जुन्या जमिनीत दगड निघायचेच. रेलिंग थोडं बाहेरून घ्यायला सांगितलं, दगड आत राहिला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

फराळाचं करतेय. संपदाबाईंनी चकल्या शिकवा म्हणून मागं लागून शेवटी अर्धं पीठ वाया घातलं. भाजणी ताकात भिजवली हिनं! काय बोलणार.

पाटी आली. खंडेराव ह्या नावाखाली 'कॉलनीचे आद्य रहिवासी'. चिंतामणरावांची मराठी! तरी पदरानं पुसून घेतली.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

दुपारी गेटवरच्या वॉचमनचा फोन. "आजी, दोन बाया आणि एक म्हातारा आलेत, तुमचं नाव घेतात. सोडू का?" साहेबासारखं विचारतो! ह्या गेटाच्या जागी आमचा गोठा होता. तशीच गेले.

नवसाबाई होती. कितीतरी वर्षं द्राक्षाच्या छाटणीला टोळी घेऊन आमच्याकडे यायची. हरसूलच्या वरच्या पाड्यातली. बाग गेली, तिचं येणं गेलं. केस सगळे पांढरे झालेत. तिच्याबरोबर तिची जाऊ, आणि चुलतसासरा, काठी धरून. म्हाताऱ्याच्या पायांना उभं राहवत नव्हतं, आणि त्या मूर्ख वॉचमननं त्यांना उन्हात ताटकळत ठेवलेलं. त्याची खरडपट्टी काढली. घरात आणलं. पाणी दिलं, चिवडा-लाडू दिले. म्हातारा सोफ्यावर बसेना, फरशीवरच बसला.

नवसाबाईनं घर बघितलं, सार्थकचं विचारलं, मालकांसाठी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "बाय, दगडाचा फोटू भाच्यानं दावला. खड्ड्याला तोच होता."

म्हणाली, "तो आमचा वीर आहा."

म्हाताऱ्याच्या आजीच्या तोंडचं आहे म्हणे. मखमलाबादच्या शिवारात, नाल्याच्या अंगाला त्यांचं घर होतं, चार-पाच घरांचा पाडा होता. जमीन त्यांचीच. मग ती कशी गेली, ते म्हाताऱ्याला नीट सांगता येईना. कुणाकडून धान्य आणलं होतं, ते फिटलं नाही, मग एक दिवस नांगर दुसऱ्याचे आले. तेव्हा माणसं वर डोंगरात गेली. वीर इथंच राहिला. वीर हलवत नाहीत. जिथं पुरला तिथंच त्याचं घर. नाव पण आहे त्याचं, म्हाताऱ्यानं सांगितलं. धाकल्या म्हणतात.

कुणाचे नांगर आले, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही.

समाधीवर घेऊन गेले त्यांना. म्हाताऱ्यानं रेलिंगच्या गजांतून हात घालून दगडाला लावला आणि बराच वेळ तसाच बसला. ट्रॅकवरून माणसं पळत होती, वळून वळून बघत होती. मयुरेशनं कानातलं काढून विचारलं, "काकू, हे कोण?" मी म्हटलं, माझे पाहुणे आहेत, तू पळ.

नवसाबाई कट्ट्याकडे बघत म्हणाली, "मालकांना आमच्या वीराच्या डोक्यावरच बशवलाय की." मग तीच हसली. "बसू द्या. बसला तं बसला. दोघं बोलत बसतील."

जाताना गेटाशी थांबली. हात धरला माझा. "बाय, दगड न्यायचा नाय आम्हाला. जागा नको, काय नको. वर्साला एकदा येऊ, दिवा लावू, कोंबडं कापू, जाऊ. तुमी व्हय म्हना फक्त."

म्हातारा पण माझ्या तोंडाकडे बघत होता.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

काल नवसाबाईला काय उत्तर दिलं, ते लिहायचं टाळलं.

मी म्हटलं, "कोंबडं-बिंबडं इथं कसं चालेल गं? कमिटीला विचारून सांगते."